रडायचा बाक आणि चौथा नंबर

शिलाईच्या दुकानात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी संपत नाहीत. एक कातरण आणि दुसरे किस्से. कातरण मी पोत्यात भरते. किस्से भरायला पोतं नाही, म्हणून म्हटलं, कागदावर उतरवावेत. मी शाळेची पायरी चढलेली नाही. ब्लाऊजचे नमुने जुन्या पेपरावर आखायचे आणि कापायच्या आधी तो पेपर वाचून काढायचा, अशी मी अक्षरं जमवली. त्यामुळे कुणी माझं शुद्धलेखन तपासायला बसणार असेल, तर त्यानं आधी मला बाहीचा एक मुंढा बराबर कापून दाखवावा!

तर दुकान हिंगोलीकडच्या गोरेगावात, जीपा उभ्या राहतात त्याच्या समोर. एका मशीनवर मी, दुसऱ्यावर नसीम. नसीम पोरवयात आली आणि आता तिच्या पोरीचं लग्न झालं, तरी मला मावशीच म्हणते. चंद्रभागा तांड्यावरून येते. तिला मशीन लागत नाही. आरसे जडवायचं काम ती हातानं करते, आणि तसा हात या भागात दुसरा नाही. चौथी शांताबाई. सरकारी दवाखान्यात नर्स होती, आता रिटायर झाली, पण गाव तिला सिस्टरच म्हणतं. ती शिवत नाही. चहा पिते आणि मत देते.

*

सिस्टरनं आपला जुना टीव्ही दुकानात आणून टांगला. तिची लेक संभाजीनगरात मास्तरीण आहे, तिनं तो मोबाइलला जोडून दिला. एके दुपारी क्रिकेट लावलं तर पावसानं मॅच थांबलेली. सिस्टरनं कुठलंतरी बटण दाबलं आणि समोर आला बर्फ! बर्फावर एक उंच माणूस, पायात पात्याचे बूट, अंगात निळा सदरा. गाण्याच्या तालावर असा सरकत होता, जसं तेल घातल्यावर मशीन.

नसीम म्हणाली, "मावशी, हा पडत काहून न्हाई?"

तिचं वाक्य पुरं झालं आणि तो धप्पदिशी पडला!

"तुझी दृष्ट लागली!" चंद्रभागा उठूनच उभी राहिली.

त्या दिवसापासून दुकानाचा नियम झाला. उडीच्या वेळी नसीमनं तोंडात टाचण्या धरायच्या. आजवर तो मोडलेला नाही.

*

त्या माणसाचं नाव आमच्यापैकी एकीलाही घेता येईना. पण जेव्हा पाहावं तेव्हा त्याचा नंबर चौथा. तिघांच्या गळ्यात पदकं पडायची आणि हा कडेला उभा राहून टाळ्या वाजवायचा. मग आम्ही त्याला चौथाच म्हणायला लागलो. पहिल्या तीन नंबरवाल्यांना जगात पुष्कळ लोक आहेत. चौथ्याला कुणीतरी नको का?

तो का पडतो यावर दुकानात मोठी चर्चा झाली. सिस्टर म्हणाली, गुडघा. नसीम म्हणाली, नजर. मी दोन दिवस बारकाईनं पाहिलं आणि निकाल दिला. मुंढा! हात वर करून गिरकी घेताना त्याचा सदरा काखेत ओढत होता. बगलेला कळी, म्हणजे मोकळीक द्यायचा जादा तुकडा, लावलेली नव्हती. असला सदरा घालून मी तर जीपमध्येसुद्धा चढणार नाही, तो बिचारा हवेत चार गिरक्या घेत होता!

पुढच्या मोसमात तो नवा सदरा घालून आला. काखेत मोकळा. तीन उड्या मारल्या, तिन्हीत उभा राहिला!

"बघा!" मी म्हटलं.

चौथ्या उडीला पडला.

"ते पँटमुळं," मी म्हटलं.

*

खेळ झाला की तो आणि त्याचा म्हातारा मास्तर एका बाकावर बसतात आणि मार्कांची वाट बघतात. कॅमेरा पार तोंडाजवळ. हसायचं असेल तर तिथंच हसा, रडायचं असेल तर तिथंच रडा. आमच्या दुकानात मापाच्या पडद्याबाहेर असाच एक बाक आहे. त्याचं नाव पडलं रडायचा बाक.

साखरा गावची एक नवरी लग्नाचा ब्लाऊज घालून पडद्यातून बाहेर आली. होणारी सासू बाकावर बसलेली. टीव्हीपुढं बसून मार्क द्यायच्या सवयीनं चंद्रभागेच्या तोंडून निघून गेलं, "साडेआठ!"

सासूचा चेहरा उतरला. "दहातले? बाकीचे दीड कुठं गेले? पोरीत काय कमी हाय?"

मी म्हटलं, "पोरीला दहातले दहा. दीड माझे कापले. डावी बाही अर्धा बोट लांब हाय."

ती नवरी आता बाळंतपणाला आली तरी मला भेटून जाते. सासू अजून त्या बाकावर बसत नाही.

*

स्पर्धा होतात तिकडं परमुलखात, आणि आम्ही बघतो दुसऱ्या दिवशी दुपारी, चहाला. निकाल सिस्टरच्या लेकीला आधी कळतो. पण तिला सक्त ताकीद, तोंड उघडायचं नाही. एकदा सकाळी अकरालाच तिचा फोन आला. "आई, जेवलीस का?"

सिस्टरनं फोन खाली ठेवला आणि आमच्याकडं पाहिलं. "चौथा पडला."

"तिनं सांगितलं?"

"न्हाई. पन सहा वर्षांत तिनं मला जेवलीस का म्हणून विचारलं न्हाई!"

दुपारी पाहिलं. दोनदा पडला होता.

*

परीक्षकांचं मात्र मी कधी ऐकून घेतलं नाही. एका स्पर्धेत चौथा असा नाचला, असा नाचला, की नसीमच्या तोंडातल्या टाचण्या गळून पडल्या. तरी पहिला आला भलताच. मग सिस्टरच्या लेकीनं शोधून सांगितलं की पहिल्याच्याच देशाचा एक परीक्षक होता आणि त्यानं आपल्या माणसाला ओंजळभर मार्क दिले होते.

मी कात्री हातात घेऊन टीव्हीपुढं उभी राहिले. "आपलं माणूस आलं की पेन खाली ठेवावा! एवढी लाज न्हाई का?"

सिस्टर चहा फुंकत म्हणाली, "बाई, तुमी असत्या तर ठेवला असता?"

"ठेवलाच असता!"

"बघू," सिस्टर म्हणाली.

*

तिकडं एक रीत आहे. खेळ आवडला की लोक बर्फावर बाहुल्या, अस्वलं फेकतात. फुलं फेकलेली मी पाहिली होती, अस्वलं पहिल्यांदाच! नसीमला ते फार भावलं. तिनं कातरण भरून एक हत्ती शिवला आणि चौथा चांगला नाचल्यावर टीव्हीवर फेकला. टीव्हीला काही झालं नाही. हत्ती उसळून बाहेर गेला आणि हिंगोलीला निघालेल्या जीपमध्ये पडला. ड्रायव्हरनं संध्याकाळी आणून दिला. "मावशी, तुमचा एक पॅसेंजर राहिला हो!"

मग तर बाहुल्या शिवायचा नादच लागला. एक पोतं भरलं.

*

आता जे सांगायचं ते सांगते, टाळून चालणार नाही.

त्या दुपारी चौथ्याची चार गिरक्यांची उडी एकदम साफ उतरली. आम्ही ओरडलो. पहिल्यांदाच तो तिसरा आला होता! तेवढ्यात परीक्षकांनी ती उडी हळू करून करून पाहिली आणि म्हणाले, पाव गिरकी कमी. मार्क कापले. तिसऱ्याचा पुन्हा चौथा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "पाव गिरकीसाठी माणसाची सहा वर्षं उसवता रे! तुमचे डोळे हाएत का काजं?"

टीव्ही बंद केला. चंद्रभागेनं एक किनार पुढं केली. चार दिवस बसून जडवलेली. मी उलटी केली. एका आरशाचा एक टाका सैल. मी ब्लेड घेतलं आणि गिऱ्हाइकांसमोर सगळी किनार उसवली.

चंद्रभागेनं खाली पडलेले आरसे एकेक करून ओंजळीत वेचले. मग म्हणाली, "बाई, त्याची पाव गिरकी कमी पडली तर तुमाला रडू येते. माझा एक टाका सैल पडला तर?"

"बर्फ वेगळं, दुकान वेगळं," मी म्हटलं.

तिनं सुई डबीत घातली, डबी कमरेला खोचली आणि जीपमध्ये जाऊन बसली.

सोमवारी आली नाही. पुढच्या सोमवारीही नाही. टीव्ही कुणी लावेना. तिच्या बसायच्या पाटावर कुणी बसेना. टीव्ही बंद असला तरी नसीम तोंडात टाचण्या धरून काम करायची, म्हणजे माझ्याशी बोलावं लागू नये! सिस्टर दोनदा म्हणाली, तांडा काय लांब आहे, चला. मी गेले नाही. माफी मागणं मला येत नाही. ज्या पेपरात तो शब्द छापला होता तो बहुतेक वाचायच्या आधीच कापला गेला असावा.

एवढंच केलं. एका दुपारी हात रिकामे होते, कातरणाचं एक अस्वल शिवलं आणि कुणाला न सांगता पोत्यात टाकलं.

*

मग हिंगोलीहून पत्र आलं. बायांच्या हातकामाचं प्रदर्शन होतं आणि परीक्षक म्हणून मला बोलावलं होतं! मी नवी साडी नेसले. सोबत नसीम आणि सिस्टर, आणि नसीमच्या काखेत ते पोतं.

"हे कशाला?"

"असू द्या मावशी," नसीम म्हणाली. कित्येक दिवसांनी टाचण्या काढून बोलली, म्हणून मी पुढं विचारलं नाही.

परीक्षक तिघी. एक कॉलेजच्या मॅडम, एक हिंगोलीच्या बुटीकवाल्या आणि मी. टेबलावर वस्तू मांडलेल्या, नावं नाहीत, फक्त नंबर. उशा झाल्या, तोरणं झाली. पुढं एक कांचळी होती, तांड्यातल्या बाया घालतात ती आरशांची चोळी. लाल कापड, आणि आरसे असे बसवलेले की खोलीभर उजेड नाचत होता. मी सवयीनं उलटी केली. आतून प्रत्येक धाग्याला तीन गाठी. तीन गाठी मारणारी या जिल्ह्यात मला एकच माहीत आहे.

मी पेन खाली ठेवला.

मॅडम म्हणाल्या, "काय झालं? आवडली नाही?"

"हिचे मार्क मी देत न्हाई. माझं माणूस हाय."

"अहो, नावं कुठं आहेत? कुणाला कळणार?"

"मला."

त्या दोघींनी मार्क दिले. कडेच्या एका आरशाला बारीक तडा होता, बुटीकवाल्या बाईंनी तो बराबर हेरला. मार्क मी देत असते तर म्हटलं असतं, तडा आरशाचा, टाक्याचा नाही. पण मी पेन ठेवला होता. जीभही ठेवली. आयुष्यात पहिल्यांदाच. बेरीज झाली तेव्हा तिसरा नंबर एका तोरणाला गेला.

बक्षिसांच्या वेळी आम्हा तिघींना स्टेजवर बसवलं. पाहुणे मोठा फेटा बांधून आले होते. तीन नावं झाली, तीन बाया शाली घेऊन गेल्या. निवेदक आभार मानायला लागला, तोच मागच्या रांगेतून सिस्टरचा आवाज आला. दवाखान्याच्या या टोकाहून त्या टोकाला जायचा, तो आवाज!

"चौथा कोण?"

निवेदक म्हणाला, "ताई, चौथा नंबर नसतो."

"आमच्यात असतो! वाचा!"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. त्यानं कागद उलटा-सुलटा केला आणि वाचलं, चंद्रभागा, राहणार तांडा.

आणि नसीमनं पोतं मोकळं केलं! ससे आले, बाहुल्या आल्या, हत्ती आला तो थेट पाहुण्यांच्या फेट्यावर. सगळा हॉल उभा राहिला. ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांनीही हाताला लागलेल्या बाहुल्या उचलून पुन्हा स्टेजवर फेकल्या. माझ्या पायाशी एक अस्वल येऊन पडलं. माझंच होतं. मी परीक्षकाच्या खुर्चीवरून उठले आणि नेम धरून स्टेजच्या मधोमध फेकलं.

चंद्रभागा मधल्या रांगेतून चालत आली. घाई नाही. स्टेजवर उभी राहिली, एक हात छातीवर ठेवला, दुसरा बाजूला पसरला आणि चौथा वाकतो तशी चारी दिशांना वाकली.

मग तिनं खाली पाहिलं. एवढ्या ढिगातून एकच अस्वल उचललं. उलटं केलं. बगलेजवळ बोट घातलं. माझ्यासमोर येऊन ते माझ्या हातात दिलं.

"बाई, टाका सैल हाय. सोमवारी येते, तवर उसवून ठेवा."