नमुन्याची बाटली

डॉक्टरांनी सुईने काढून लॅबला न्यायला दिलेला वडिलांच्या यकृताचा तुकडा ज्या बाटलीत होता, तिच्यातलं औषध मी बेसिनमध्ये ओतून दिलं. मी सांडपाण्याच्या प्लँटवर कामाला; तिथे जिवाणू तपासायचे तर नमुन्यात औषध नको आणि तो गार हवा, एवढंच मला येतं. म्हणून ते डोळ्यांना झोंबणारं फॉर्मालिन काढून फिल्टरचं पाणी भरलं आणि रविवारभर बाटली फ्रिजमध्ये जिवापाड जपली. सोमवारी लॅबमधल्या बाई म्हणाल्या, "फॉर्मालिनमुळेच तुकडा टिकतो. पाण्यात पेशी कुजल्यात. कॅन्सर आहे की नाही, यावरून सांगता येणार नाही. तुकडा परत काढावा लागेल." वडील पुन्हा शर्ट वर करून निजले आणि मी त्यांचा गार पडलेला हात धरून उभा राहिलो. आजही फॉर्मालिनचा वास आला की तो हात आठवतो, आणि डॉक्टरांना त्यांनी शांतपणे सांगितलेलं, "साहेब, या बारीला सुई याला टोचा, बाटली मी नेतो."