ओहोटीला सोडलेली गाठ

आईच्या स्तनातली गाठ काढली तेव्हा मला कळलं की तपासलेल्या गाठीचे तुकडे मेणाच्या छोट्या ठोकळ्यांत बसवून ठेवतात. मुंबईच्या दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं म्हणून मी ते ठोकळे लॅबमधून मागून घेतले, दाखवून आणले आणि सुकापूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये कपाटातल्या औषधांच्या डब्यात ठेवून दिले. आईने विचारलं, "ह्ये काय?" मी म्हटलं, "तुझी गाठ." ती काहीच बोलली नाही, आणि आई गप्प बसली की आपण सावध व्हायचं असतं, हे मी विसरलो.

यंदाच्या तपासणीत रिपोर्ट चांगले आले. पनवेलच्या आमच्या डॉक्टर बाई खूश होत्या, म्हणून निघता निघता मी त्यांना लसीबद्दल विचारलं. कॅन्सरची लस आली, असं मोबाइलवर रोज कुणी ना कुणी पाठवत असतं. मला त्यातलं काहीच उमगत नव्हतं. लस आजाराच्या आधी घ्यायची ना? माझ्या मुलीला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस दिली ती तशीच. मग आजार होऊन गेलेल्या बाईला कसली लस?

"ती लस विषाणूवरची. ही वेगळी," बाई म्हणाल्या. "पेशंटच्या गाठीत काय काय बिघाड झालेत ते वाचायचे आणि फक्त त्याच्यासाठी लस बनवायची. मग शरीर तसल्या पेशी ओळखायला शिकतं. एखादी कुठे लपून राहिली असेल तर तिला मारतं. अजून चाचण्याच चालू आहेत हं. आईंच्या प्रकारच्या कॅन्सरवर निघेल का, कधी निघेल, काही सांगता येत नाही. पण ते ठोकळे आहेत ना तुमच्याकडे? जपून ठेवा. उद्या लागू शकतील."

मला एकदम श्रीमंत झाल्यासारखं वाटलं. घरी आल्या आल्या डबा उघडला. ठोकळे नव्हते.

"त्ये व्हय? टाकलं मी," आई म्हणाली.

आई जासईची, कोळ्याच्या घरातली. तिथे आता जिकडे बघावं तिकडे कंटेनर, पण मामाच्या घरामागे थोडी खाडी उरली आहे. गणपतीला माहेरी गेली तेव्हा आईसाहेबांनी पिशवीतून ठोकळे नेले होते. दृष्ट काढल्यावर मीठ-मिरच्या घरात ठेवत नाहीत, तसंच हे.

"रोग कुनी कपाटात ठेवतं का रे? सुकती लागली तवा टाकला. भरतीला टाकला असता तर परत आला असता. मागं वळून बगितलं पन नाय."

सुकती म्हणजे ओहोटी. म्हणजे पाणी बघून, नीट विचार करून टाकले होते. मी ओरडलो. लसीचं जमेल तसं समजावलं. तिने शांतपणे विचारलं, "गाठ तर गेली. आता लस कशाला?"

"कुत्रा चावल्यावर पण इंजेक्शन घेतातच ना!"

"पन तो कुत्रा कुनी घरात बांधून ठेवत नाय."

मी चिडून गॅलरीत गेलो आणि डॉक्टर बाईंना फोन लावला. लॅबमध्येही काही उरलं नव्हतं, तेही सांगितलं. त्या हसल्या. मला धीर द्यायचा म्हणून म्हणाल्या, "एवढं मनाला लावून घेऊ नका. समजा गाठ परत आलीच, तर नवीन नमुना मिळेल की."

फोन ठेवला आणि मला कळेना की आता बरं वाटायला हवं की भीती. गाठ यायला नको, हे तर नक्की. पण आली तर लस हवी, आणि लस हवी तर गाठ हवी. पुन्हा पुन्हा तिथेच येऊन अडकत होतो. आत आई बोंबील साफ करत होती. ती मजेत होती आणि त्याचाच मला राग येत होता.

परवा तिला घेऊन मामाकडे गेलो. जेवण झाल्यावर घरामागे जाऊन उभा राहिलो. भरती लागली होती. पाण्याबरोबर प्लास्टिक, थर्माकोल, नारळाची करवंटी असं काय काय काठाला येत होतं. मी पँट दुमडली आणि चिखलात उतरून एकेक वस्तू पायाने उलटून बघू लागलो.

आई मागे कधी येऊन उभी राहिली ते कळलंच नाही.

"काय शोधतोस रे?" तिने विचारलं. मी थर्माकोलचा आणखी एक तुकडा पायाने उलटला. तिने पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. "परत यायला पायजे का तुला तो रोग?"