आकडे झाका, गोष्ट सांगा

“आकडे झाका!” वर्गात शिरताना गुरुजींचं हे पहिलं वाक्य. लगेच पोरं दप्तरातून चिंचोके काढायची आणि गणिताच्या उदाहरणातल्या प्रत्येक आकड्यावर एकेक ठेवायची. “आता गोष्ट सांगा. काय झालं? काय इचारलंय?” गोष्ट नीट सांगता आली तरच चिंचोके उचलायचे. मग रीत, मग ताळा.

आकडा दिसला की पोरं गुणायला धावतात, हे त्यांचं दुखणं. “धावू नका रं, उदाहरन कुटं पळून चाललं न्हाई,” असं सांगत स्वतः मात्र वर्गभर धावायचे. बोरीकडच्या एका छोट्या शाळेत आम्ही सहा वर्षं शेजारच्या वर्गांवर होतो. एवढ्या काळात मी त्यांना खुर्चीला टेकलेलं पाहिलं नाही. चहा उभ्यानं, डबाही उभ्यानं. भिंतीपलीकडून त्यांच्या चपलांची फटफट दिवसभर चालू. तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा, पायाला भिंगरी लावलेला.

पाचवीचा शिष्यवृत्तीचा वर्ग हा त्यांचा जीव. त्याच वर्गावरून पालक सभेत भडकले.

“चिंचोके मांडूस्तवर घंटा व्हती, गुरुजी! बाकीच्या शाळंची पोरं फटाफट गोल काळे करत्यात.”

सराव परीक्षेत आमच्या पोरांचा अर्धा पेपर कोरा राहिला होता, हे खरं. पण जेवढा सोडवला होता तेवढा बिनचूक होता. ते मला माहीत होतं, कारण तपासला मीच होता.

गुरुजी माझ्याकडे वळले. “बाई, तुमी पेपर बघितलेत. तुमी सांगा.”

मी मान खाली घातली. पालकांची भीती वाटली, दुसरं काही नाही. मुख्याध्यापकांनी वर्ग त्यांच्याकडून काढून मला दिला. उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. जाताना चिंचोक्यांचा डबा माझ्या टेबलावर ठेवून गेले. “ऱ्हाऊ द्या हितंच.”

मी पोरांना झटपट युक्त्या शिकवल्या. ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी. पेपर पूर्ण व्हायला लागले, पालक खूश झाले. मला मात्र भिंतीपलीकडची शांतता सोसवेना. तास सुटला तरी मी वर्गातच येरझाऱ्या घालायचे.

मागच्या आठवड्यात फळ्यावर लिहिलं: पिकअपमधून टोमॅटोचे पंधरा कॅरेट उतरवले, बारा उरले. आधी किती होते?

“तीन!” सगळा वर्ग एका सुरात.

पुढच्या बाकावरच्या मुलीचा बाप रोज पिकअपच चालवतो. तिला विचारलं, “तीनच कॅरेट होते, तर पंधरा कसे उतरवले गं?”

ती गोंधळली. “‘उरले’ म्हंजी वजाबाकी. तुमीच सांगितलंय ना, बाई?”

मधल्या सुट्टीत मी गुरुजींना फोन लावला. पलीकडे तीच फटफट; बोलतानाही चालतच होते. मी घाईघाईनं सुरू केलं, “गुरुजी, निकाल चांगला लागला, पण सत्तावीसच्या जागी तीन…”

“बाई, आकडे झाका. आधी गोष्ट सांगा.”

गोष्ट एवढीशीच होती. “त्या सभेत मी बोलायला हवं होतं, गुरुजी. मी घाबरले.”

चपलांचा आवाज थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.