पांडुरंगच्या पाठीवरचा धवळा

सांडोरच्या पांडुरंगला आवाज साठवायची खोड. निवृत्त झाल्यावर बाकीची माणसं देवळात बसतात, नाहीतर सुनेच्या आमटीत मीठ कमी म्हणून खोट काढतात. हा कारखान्यातून सुटला आणि मोबाईल घेऊन केळीच्या वाडीत फिरायला लागला. बेडूक, पाण्याचा पंप, शेजारच्या म्हशीचं हंबरणं, सगळं रेकॉर्ड. वर रोज सकाळी गावच्या ग्रुपवर 'सांडोरची खबर' बोलून टाकायची: कोणाची म्हैस सुटली, कोणाकडे पाहुणे उतरले. त्यात खबर थोडी आणि खाकरणं फार. लोक पुढे पळवत ऐकायचे. बायको सावित्री मुळीच ऐकायची नाही.

"घरात दिवसभर ऐकतेय तेवढं बस हाय मना," म्हणायची.

शेवटी पांडुरंगने मुलाला, सुजयला, फोन लावला. सुजय चंदनसारला फ्लॅटमध्ये राहतो, कॉम्प्युटरवर काम करतो.

"बाबा, तुम्हाला सॉफ्टवेअर कशासाठी पाहिजे नक्की?"

"खाकरनं गेलं पायजे नि मी राहिलो पायजे."

सुजयने तीन नावं सुचवली. पहिलं स्टुडिओवाल्यांचं. उघडलं तर विमान चालवायला बसल्यासारखी बटणं. पांडुरंगने ते बंद केलं आणि चहा ठेवला. दुसरं फुकटातलं, लॅपटॉपवर चालणारं. त्यात आवाज डोंगरासारखा दिसायचा. नको तो डोंगर माऊसने धरायचा नि कापायचा. काम चोख, पण सगळं हाताने. पाच मिनिटांच्या खबरीला अख्खी दुपार गेली आणि चुलीवरचा कालवणाचा टोप खालून काळा झाला. तिसरं मोबाईलवरचं ॲप. एक बटण दाबा, खरखर साफ, खाकरणं गायब, मधल्या रिकाम्या जागा गायब. खबर निम्म्यावर आली.

"ह्याला म्हनतात अक्कल!" पांडुरंग म्हणाला. सावित्रीकडे बघून म्हणाला, ही त्याची चूक. संध्याकाळपर्यंत तिने त्याला चहा दिला नाही.

त्याच महिन्यात द्वारकाआत्या त्याच्या दारात आली. द्वारका म्हणजे त्याच्या बापाची बहीण आणि आमच्या वाडीची धवलारीण. लग्नात धवळे, म्हणजे विधींची गाणी, गाणारी. तिच्या तोंडाला कोणी लागत नसे, कारण गाण्यातल्या शिव्या तिला पाठ होत्याच, गाण्याबाहेरच्या त्याहून जास्त. तिच्या गळ्यात गाठ निघाली होती. ऑपरेशनची तारीख नेमकी पांडुरंगच्या पुतणीच्या, रेवाच्या, लग्नाआधी पडली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, नंतर महिनाभर एक शब्द नाही. आवाज परत येईल का, यावर ते छताकडे बघत होते.

"पांड्या, रेवाच्या हलदीत माझाच आवाज वाजला पायजे," आत्या म्हणाली. "नायतर तो भावेश डीजे लावेल. मग मी दार लावून घरात बसेन, मना बोलवायला येऊ नका."

पंपाच्या खोलीत गोधड्या टांगून रेकॉर्डिंग झालं. द्वारका गायची ते सवालाचे धवळे. एक ओळ विचारायची आणि गप्प राहायची. त्या गप्प जागेत मांडवातल्या बायका नाव घेऊन उत्तर देणार. बायकांना उत्तरं ठाऊक, ओळी फक्त हिला. म्हणून खोलीत ती प्रत्येक ओळीनंतर मिश्री लावलेले दात दाखवत नुसती बसून राहायची. पांडुरंगला वाटलं म्हातारी दमते. घरी येऊन त्याने ॲपचं बटण दाबलं आणि मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं. मोबाईलमध्ये बेडकांना जागा हवी होती.

हळदीला मांडव भरला. द्वारका गळ्याला पट्टी बांधून पुढच्या खुर्चीत, तोंड मिटून. डीजेवाला भावेश कोपऱ्यात वायरी सोडून तयारच. पांडुरंगने लॅपटॉपवर धवळा सुरू केला.

"मांडवात पयला कोन आला?" लाऊडस्पीकरमधून द्वारका गरजली. बायकांनी श्वास घेतला, पण उत्तराची गप्प जागा ॲपने कापलेली; तोवर पुढची ओळ आलीसुद्धा: "लाडू चोरून कोन पलाला?"

"गणपती!" बायका पहिल्या ओळीचं उत्तर ओरडल्या.

"नवरीचा पाठीराखा कोन?"

"व्याही!"

व्याही खुशीत येऊन उभे राहिले, हात जोडले.

"गोठ्यात घोरत कोन पडला?"

"मामा!"

पाठीराख्याचा मान व्याह्यांना गेला म्हणून रेवाचा मामा आधीच पाटावरून रागाने उठला होता, आता त्याने चपला शोधल्या. बायका हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. रेवा तोंडावर हळदीचे हात धरून बसली.

भावेश पुढे आला. "काका, माझं लावू का?"

"थांब रे, मी मधी मधी थांबवतो!" पांडुरंगने घाईघाईत बटण दाबलं, पण ओळ अर्धी तोडली. परत दाबलं, पुढची निम्मी गेली. भावेशने वायर हातात घेतली.

तेव्हा द्वारका उठली. पांडुरंगच्या मागे येऊन उभी राहिली. त्याने गाणं पहिल्यापासून लावलं. "मांडवात पयला कोन आला?" ओळ संपली आणि द्वारकाने त्याच्या पाठीत धपाटा घातला. पांडुरंगचं बोट आपोआप बटणावर आपटलं. गाणं थांबलं.

"गणपती!" मांडव ओरडला.

दुसरा धपाटा. गाणं सुरू. "लाडू चोरून कोन पलाला?" धपाटा.

"व्याही!"

व्याही खाली बसले. मामाने चपला सोडल्या.

असे सगळे धवळे झाले. थांबायचा एक धपाटा, सुरू करायचा एक. व्याह्यांच्या ओळीवर तिने उगाच एक जास्तीचा दिला. तो कशाचा, कोणी विचारलं नाही. भावेशने वायरी गुंडाळल्या आणि बायकांच्या मागे उभा राहून नावं ओरडायला लागला.

दुसऱ्या दिवशी पांडुरंग पालथा झोपलेला. सावित्री पाठीला तेल चोळत होती आणि हा समोर लॅपटॉप ठेवून ते दुसरं, हाताने कापायचं सॉफ्टवेअर उघडून बसला होता. हळदीचं रेकॉर्डिंग भावेशच्या मोबाईलवरून आलं होतं.

"हे उंच उंच सुलके कसले वो?" सावित्रीने विचारलं.

"ते मी."

द्वारका दारातून आत आली. न बोलता पडद्यावर वाकली. दोन डोंगरांच्या मधल्या सपाट जागेवर बोट ठेवलं आणि दुसरा हात वर उचलला.

"नाय कापत, आते, नाय कापत!" पांडुरंग ओरडला. मग जरा दम घेऊन म्हणाला, "धपाटे तेवढे काढू का?"

द्वारकाने मान हलवली. नाही.