धड्यातली बुरुलचा

दर सप्टेंबरात वैद्यकीय कॉलेजची पोरं मनाचे आजार शिकायला आमच्या इस्पितळात येतात, आणि दर सप्टेंबरात माझे गुडघे जास्त ठणकतात. चौतीस वर्षं मी इथं नर्स आहे. पहिल्या आठवड्यात पोरं आजारांची नावं पाठ करतात, दुसऱ्या आठवड्यात ते सगळे आजार त्यांना स्वतःलाच होतात. कुणी दाराची कडी दोनदा तपासली म्हणून रडवेला होऊन येतो. एक मुलगी मला एजे, म्हणजे थोरली बहीण, अशी हाक मारून विचारते, "साइरा एजे, माझी आजी फार संशय घेते हो, तिला काही झालं असेल का?" मी म्हणते, "तिला काही झालेलं नाही गं, तिला चार सुना आहेत."

तिसऱ्या आठवड्यात त्यांना शिकवणारे मोठे डॉक्टर, एसेनगुल आगाय, म्हणजे एसेनगुल सर, मला सांगतात, "बुरुलचाला वर्गात आण."

बुरुलचा सव्विसाव्या वर्षी आली. डोंगरावरच्या मेंढपाळ तळावर तिला चुलीतून आवाज ऐकू यायचे. सासरच्यांनी आधी मुल्लाकडून फुंकर मारून घेतली, मग तिला आमच्याकडे सोडलं ते सोडलंच. घाटापलीकडच्या थोरल्या बहिणीने, रापियाने, तेवढी आठवण ठेवली. दर वर्षी बटाटे काढून झाले की तिचा एक फोन यायचा. "साइरा, थांबले का गं आवाज? सोडाल का तिला?" आवाज असेपर्यंत सोडायचं नाही असा इथला नियम. मी फाइल बघायची. फाइलमध्ये असायचं, आवाज चालू आहेत. मी तसं सांगायची, ती बरं म्हणायची.

वर्गाच्या दिवशी मी बुरुलचाचे केस विंचरून पांढरा रुमाल बांधून द्यायची. चाळीस पोरं एजे अशी हाक मारतात याचं तिला केवढं अप्रूप! आगाय विचारायचे, "आवाज काय म्हणतात, बुरुलचा?"

"म्हणतात, ऊठ बुरुलचा, मेंढ्या सुटल्या. निजलीस काय, आळशे?"

पोरं खाली मान घालून लिहायची. संध्याकाळी आगाय तेच फाइलमध्ये लिहायचे. माणूस वाईट नाही. पोरांना सांगायचे, "पुस्तकात आजार भेटेल, माणूस इथं बसलाय, त्याच्याकडे बघा." मग बुरुलचाला दुधाचा चहा आणि बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, मिळायचे.

यंदा मागच्या बाकावरून मेरिम नावाची एक बुटकी पोर उठली. "एजे, शेवटचा आवाज कधी आला होता?"

बुरुलचाने बोटांवर काहीतरी मोजलं. "आमच्या खोलीला नवी खिडकी बसवली ना, त्याच्या आधी."

खिडकी बसवली त्याला नऊ वर्षं झाली. शिडी मीच धरली होती.

आगायांचा चेहरा उतरला. "मग दर वर्षी मला काय सांगत होतीस, बाई?"

"तुम्ही विचारायचात, काय म्हणतात. ते जे म्हणायचे ते सांगितलं. पोरांचं शिक्षण का अडवायचं?"

"पण थांबलेत, एवढं तरी सांगायचंस!"

"मला वाटलं, तुम्ही डॉक्टर, तुम्हाला ठाऊक असणारच."

पोरं हसली नाहीत. आगायांनी वही मिटली आणि त्या दिवशी पुढे काही शिकवलं नाही. बाहेर मला म्हणाले, "तू रोज तिला गोळी देतेस, साइरा." गोळी गिळली का ते मी रोज तिची जीभ उचलायला लावून बघते. अडतीस जणांच्या जिभा बघते. नऊ वर्षांत याहून जास्त काही विचारायचं त्राण माझ्यात नव्हतं, आणि याची मला लाज वाटते.

तीन आठवडे तपासण्या झाल्या, सह्या झाल्या. रापिया मिनीबसने आली. सत्तरीची बाई. बहिणीसाठी तिने गोधडीचा जाड कोट आणला होता. बुरुलचा आत सगळ्यांचा निरोप घेत होती, तेवढ्यात रापियाने मला विचारलं, "कधी थांबले गं?"

यंदाच, असं म्हणता आलं असतं. आगायांनी तसं सुचवलंही होतं. पण मला आता खोटं सांभाळायचाही कंटाळा आलाय.

"नऊ वर्षं झाली, एजे."

ती बाकावर बसली. कोट मांडीवर घेऊन बराच वेळ त्याचं एकच बटण फिरवत राहिली.

"नऊ फोन केले मी. तूच उचलायचीस ना?"

"मीच."

मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"माझी पोरं रशियात कामाला गेली, त्याला सहा वर्षं झाली," ती म्हणाली. "घरात मी एकटीच. तिला घरी नेता का, असं मला नुसतं विचारायचंस तरी, साइरा. मला त्या चुलीतल्या आवाजांचीसुद्धा सोबत चालली असती."