गॅरेजवाल्या ज्ञानोबांविरुद्धचं पत्रक

तुम्ही कधी एखाद्या कामसू माणसाला त्याच्या स्वतःच्या कामावर संशय घ्यायला लावलं आहे?

मी लावलं आहे. आणि हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही – वडिलांना नाही, बायकोला नाही, कारखान्यांच्या गेटवर माझ्या शेजारी उभं राहून घसा सुकवणाऱ्या सोबत्यांनाही नाही. इतरांना जाब विचारणारी किती पत्रकं मी लिहिली! स्वतःला जाब विचारणारं हे पहिलंच.

आमच्या घरात पत्रकं पाठ्यपुस्तकांसारखी असायची. वडील भोसरीच्या एका कारखान्यात पत्रे दाबायच्या प्रेस शॉपला होते, युनियनचे मजकूर तेच लिहायचे. शुद्धलेखन मी त्यांच्या कच्च्या प्रतींवर शिकलो. ‘खात्री नसेल ते छापायचं नाही,’ हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं – ‘खात्री असेल तर घाबरायचं नाही.’ मला दुसरं जास्त आवडलं, हे तेव्हाच ओळखायला हवं होतं का?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या जुन्या गाडीचे ब्रेक नीट लागेनात, म्हणून मी ती मोशीत शाळेच्या भिंतीला लागून असलेल्या गॅरेजमध्ये नेली. गॅरेज ज्ञानोबांचं. परभणीकडून आलेले, पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी मागच्या चाकांचे लायनर बदलले, गळका सिलिंडर बदलला, पाइपातली हवा काढली. मग स्टिअरिंगला लाल चिंधी बांधली.

ही त्यांची पद्धत होती, मोशीत सगळ्यांना ठाऊक. ब्रेकचं काम झालेली गाडी दुसऱ्या दिवशी पुन्हा आणायची. ते चाकं काढून कुठे थेंब झिरपतोय का बघणार, पॅडल दाबून बघणार आणि मगच चिंधी सोडणार.

“म्या बांधली, म्याच सोडणार,” ते म्हणाले. “तवर घर ते गॅरेज. हायवेला घालायची न्हाई, दादा. आज ब्रेक लागतोय म्हून उद्या लागंल आसं नसतंय.”

मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी मी गाडी नेली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चाकणला पहिल्या शिफ्टच्या वेळी पत्रकं वाटायची होती. दोन हजार प्रती डिकीत. विषय काय होता, सांगू? मशीनवरची संरक्षक जाळी काढून काम करायला लावणाऱ्या मालकांविरुद्धचं पत्रक होतं ते. उत्पादन थांबू नये म्हणून माणसाच्या बोटांचा जुगार खेळता का, असा सवाल मी त्यात विचारला होता.

वडील बरोबर येणार होते. निवृत्त झाले तरी गेटचा दिवस ते चुकवत नसत. त्यांनी ती चिंधी पाहिली असती तर गाडीत बसलेच नसते – मलाही बसू दिलं नसतं. “बसनं जाऊ,” म्हणाले असते. आणि बसनं दोन हजार पत्रकं घेऊन वेळेवर पोचणं – जमलं असतं. थोडी धावपळ झाली असती, पण जमलं असतं. ते मला तेव्हाही माहीत होतं.

वडील जिना उतरायच्या आत मी चिंधी सोडली.

इथेच थांबता आलं असतं, तर मी याला चूक म्हटलं असतं. पण थांबतो कुठे माणूस?

नाशिक रस्त्याला लागल्यावर पॅडल गाडी गॅरेजमधून आणली त्या दिवसापेक्षा खाली जातंय, हे माझ्या पायाला कळलं. दोनदा दाबलं की लागायचं. मी दोनदा दाबत राहिलो. शेजारी वडील पत्रकाची प्रत वाचत होते. “हा जुगाराचा सवाल चांगला उतरलाय, सुहास,” म्हणाले. मला बरं वाटलं – खरंच बरं वाटलं. चाकणच्या अलीकडे पुढचा टेम्पो थांबला. मी पॅडल दाबलं, ते तळाला गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तळाला. हँडब्रेक ओढला, पण आम्ही टेम्पोवर आदळलोच. मला खरचटलं. वडिलांचं उजवं मनगट मोडलं.

दवाखान्यात प्लास्टर घालताना त्यांनी मला एकच विचारलं, “ज्ञानोबानं गाडी परत तपासली होती ना?”

“हो,” मी म्हणालो.

दुखण्यानं त्यांचे ओठ पांढरे पडले होते. तरी म्हणाले, “मग हे सोडायचं नाही. आज आपण, उद्या दुसरं कुणी. माझा हात चालत नाही, तू लिही.”

आणि मी लिहिलं. ‘हलगर्जीपणाला ब्रेक कोण लावणार?’ या मथळ्याचा मला अभिमान वाटला होता, तेही सांगून टाकतो. त्यात ज्ञानोबांचं नाव घातलं नव्हतं. पण ‘शाळेच्या भिंतीला लागून असलेलं गॅरेज’ मोशीत दुसरं होतंच कुठे? नाव न घेता माणूस दाखवायचा, ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती. ती मी मालकांवर वापरत आलो होतो. या वेळी स्वतःच्या हातांनी राबणाऱ्या माणसावर वापरली. चहाच्या टपऱ्या, सोसायट्यांची गेटं, बसथांबा – पाचशे प्रती संपल्या.

पत्रक वाटल्यावर तिसऱ्या दिवशी ज्ञानोबा आमच्या घरी आले. हातात घडी घातलेलं पत्रक. वडील खुर्चीत, हात गळ्यात अडकवलेला. आई पाणी द्यायला आली, त्यांनी ग्लास घेऊन खाली ठेवला.

“सुहासदादा, चिंधी कुणी सोडली?”

आवाज चढलेला नव्हता. ओरडले असते तर कदाचित – नाही, काही वेगळं झालं नसतं.

“तुम्हीच,” मी म्हणालो. “आदल्या दिवशी संध्याकाळी गाडी आणली होती की मी. तुम्ही घाईत होतात. वरवर बघितलीत आणि सोडलीत.”

ते बोटांवर मोजू लागले. त्या दिवशी कोणाकोणाच्या गाड्या आल्या – पांढरी व्हॅन, दूधवाल्याचा टेम्पो, एक रिक्षा. पुन्हा पहिल्यापासून. मी बघत होतो. एका शब्दानं मला ते मोजणं थांबवता आलं असतं.

“गर्दी व्हती खरी,” ते शेवटी म्हणाले. “आसंल. मला आठवंना.” मग वडिलांकडे वळले, “काका, लई दुखतंय का?”

“दुखण्याचं काही नाही, ज्ञानोबा,” वडील म्हणाले. “पण कामात कसूर नको.”

ज्ञानोबांनी मान खाली घातली. न केलेल्या कसुरीसाठी.

त्यानंतर त्यांनी ब्रेकचं काम घेणं बंद केलं. लोकांनी टाळलं, हे तर झालंच, पण आलेल्यांनाही ते म्हणू लागले, “माझ्या ध्यानात ऱ्हाईना आजकाल, दुसरीकडं दावा.” वर्षभरात गॅरेज बंद झालं. मागच्या महिन्यात चाकणला एका गोदामाच्या गेटवर मी पत्रकं वाटत होतो. कंत्राटी हमालांच्या रांगेतून ज्ञानोबा बाहेर आले. मला वाटलं, तोंड फिरवतील. त्यांनी हात पुढे केला, पत्रक घेतलं.

“दादा, तुमी लिवता ते खरं आसतंय,” म्हणाले. “निवांत वाचतो.”

रागानं बोलले असते, टोमणा मारला असता, तर मी आज हे लिहिलं असतं का? कोण जाणे. टोमणा नव्हता तो.

अपघाताच्या आदल्या दिवशी त्यांनी गाडी तपासली नाही. मी नेलीच नव्हती. चिंधी मी सोडली. वडिलांशी मी खोटं बोललो, ज्ञानोबांशी त्यांच्या तोंडावर खोटं बोललो आणि ते खोटं पाचशे वेळा छापलं. त्या संध्याकाळी गाडी नेली असती, तर कुठे झिरपतंय ते त्यांना दिसलं असतं. त्यासाठीच तर ते बोलवायचे.

हा कागद आधी वडिलांना वाचून दाखवणार आहे, मग ज्ञानोबांना नेऊन देणार आहे, आणि मग ते पत्रक जिथे जिथे वाटलं त्या प्रत्येक ठिकाणी वाटणार आहे. वडील काय म्हणतील, ज्ञानोबा काय म्हणतील, ते त्यांचं. माफी मागायला मी हा छापलेला नाही.

पण तुम्हाला एक काम सांगतो. तेव्हा माझं पत्रक वाचून तुम्ही कुणाला तरी म्हणाला असाल, “त्या ज्ञानोबाकडे गाडी नेऊ नकोस.” कुणाला म्हणालात, ते आठवा. त्या माणसाला आजच गाठा आणि सांगा – ते खोटं होतं, आणि ते सुहासनं लिहिलं होतं.