दुखलं की थांबायचं

"पुढं वाकून हात जमिनीला टेकवता येतात का?" गावच्या आरोग्य उपकेंद्रात योगा शिकवायला येणाऱ्या ताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, आणि आम्ही बायका फिदीफिदी हसायला लागलो. सगळ्या ऊसतोडीला जाणाऱ्या. दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत आमचा जन्म वाकण्यातच जातो. माशाच्या पिलाला पोहायला काय शिकवायचं? एकजात सगळ्यांचे हात टेकले. माझेही टेकले, फक्त सरळ होताना कमरेतून अशी कळ निघाली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. मग ताई म्हणाल्या, आता पालथं झोपून छाती वर उचला. ते एकीलाही जमेना. मागं वाकणं आमच्या अंगाला माहीतच नव्हतं.

मागच्या हंगामात मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरून चढताना माझा पाय घसरला, तेव्हापासून हे दुखणं मागं लागलं. बीडच्या डॉक्टरांनी मणक्यात गॅप आहे म्हणून सांगितलं. गोळ्या दिल्या, पट्टा दिला, आणि योगासनं करा म्हणाले. गोळी घेतली की घटकाभर बरं, पुन्हा डाव्या पायात मुंग्या आणि कमरेत कुणी पहार घातल्यासारखं. मी तशी तोंडाची फटकळ, त्यात दुखण्यानं आणखी चिडखोर झाले. भाकरी करपली तरी भांडायची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं सासू म्हणायची. ते काही खोटं नव्हतं.

मला बरं व्हायचं होतं ते दसऱ्याच्या आत, मुकादम टोळी ठरवायला यायच्या आधी. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता कोणत्याच टोळीत धड बसत नाही. मी गेले नाही तर माझ्या जागी घरातली दुसरी बाई लागणार. सासू थकलेली, मग दुसरी कोण? नववीतली माझी पोरगी. तिला फडात न्यायची नाही, एवढं मी मनाशी घट्ट धरलं होतं. पोर एकदा उसाच्या फडात गेली की शाळेत परत येत नाही, थेट लग्नाच्या मांडवात जाते. मीही अशीच गेले होते.

म्हणून मी योगाही कामासारखाच केला. सकाळी वाकळ अंथरायची आणि सुरू. ताईंनी सांगितलं त्याच्या दुप्पट करायची, दातओठ खाऊन. फडात आम्हाला एवढंच कळलेलं, की अंग दुखलं म्हणजे काम झालं. न दुखता झालेलं काम हे कामच नव्हे. पंधरा दिवसांत माझं मोरीपर्यंत जाणंही अवघड झालं. ताई घरी आल्या, मला करायला लावून बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, दुखलं की थांबायचं असतं!"

थांबायचं? आयुष्यात मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मला रडूच कोसळलं. ताईंना वाटलं, पाठ दुखतेय म्हणून रडते.

मग हळू सुरू केलं. श्वास घेत, सोडत, गुडघ्यांवर ओणवं होऊन मांजरासारखी पाठ वर-खाली करत. सासू उंबऱ्यात शेंगा फोडत बसलेली असायची.

"उताणं पडून दुखणं जातं व्हय गं? तसं असतं तर मेलेली माणसं लई ठणठणीत असती."

"आत्याबाई, तुमी गप बसा की जरा!"

ऊस तोडून तोडून तिचे गुडघे गेले होते, आणि तिनं कोयता खाली ठेवून बरीच वर्षं झाली होती. पण मला फरक पडत गेला. झोप लागू लागली, मुंग्या कमी झाल्या. ताई मात्र एकदा स्पष्ट बोलल्या, "हे दुखणं पुरतं जाणार नाही. त्याच्यासोबत राहता येईल, एवढंच. मोळी उचलायची नाही." मी मान डोलावली आणि त्यांचं ऐकायचं नाही असं मनात ठरवून टाकलं.

मुकादम यायच्या दिवशी सकाळी मी कडब्याच्या पेंढ्या बांधून डोक्यावर घेतल्या. बघू तर खरं. गोठ्यापासून बाभळीपर्यंत गेले आणि वळताना तशीच खाली बसले. उठता येईना. सासूनं पाहिलं. टोमणा मारला नाही. पेंढ्या बाजूला केल्या, काखेत हात घालून मला उठवलं आणि घरात नेऊन निजवलं.

संध्याकाळी मुकादम दारात आला. "काय, कोयता पुरा हाय का अर्धा?"

नवऱ्यानं त्याला बसायला पोतं टाकलं. पोरगी चुलीपाशी होती, ती माझ्याकडं बघायला लागली. मी तोंड उघडायच्या आत सासू बोलली, "पुरा हाय."

"कोण येतंय?"

"मी."

"म्हातारे, तुला झेपंल का?"

"मोळी न्हाई उचलली तरी पाचट काढीन, शेंड्याची वाढं बांधीन. कोयता पुरा धर तू."

मी आतून ओरडले, "आत्याबाई, न्हाई!" ती आत आली आणि माझ्या शेजारी टेकली. "गप पड. पोरगी शिकू दे. आपल्या दोघींचं तर झालं."

टोळी गेली. हिवाळाभर मी रोज वाकळ अंथरली आणि दुखेल तिथं थांबले. पोरगी शाळेत जायची, मी घर बघायची. माझ्या अंगावर मांस चढलं, बायका तोंडावर कौतुक करायच्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. फोनवर सासू "लई मजेत हाय" म्हणायची. नवऱ्याला विचारलं तर तो पोरीच्या शाळेचं काढायचा.

पाडव्याच्या सुमाराला टोळी परतली. ट्रॅक्टरमधून सासूला दोघांनी धरून उतरवलं. ती कमरेतून अशी मोडली होती की तिचं तोंड बघायला मला वाकावं लागलं. मी वाकले, आणि साधी कळसुद्धा आली नाही. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, दाबून दाबून पाहिलं.

"दुखत न्हाई न्हवं आता?"

"न्हाई."

"मंग झालं. माझं जाणं कामी आलं."

ती खरंच खूश होती. मला मात्र वाटलं, दुखायला हवं होतं. तिथंच, तिच्या हाताखाली, जीव जाईस्तोवर दुखायला हवं होतं.